कमाटीबागेतल्या फेऱ्या आणि नवरा-बायकोचं बोलणं

सकाळी सहा-साडेसहाला कमाटीबागेत गेलं की आपल्या मंडळातली बरीच जोडपी फेऱ्या मारताना दिसतात. काही बरोबरीनं चालतात. काहींमध्ये 'अहो' दहा पावलं पुढे असतात आणि मागून "जरा हळू चाला" असा आवाज येत असतो. हळदीकुंकवाला किंवा कोजागरीला या फेऱ्यांचा विषय निघाला, की कोणीतरी हमखास म्हणतं, "घरात दिवसभर आम्ही दोघंच असतो, पण बोलणं होतं ते बागेतच." पुरुष मंडळी हे मोठ्यानं कबूल करत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

वरवर ही गमतीची गोष्ट वाटते. पण आपल्या वडोदऱ्यातल्या कितीतरी घरांत आता दोघंच उरली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर कॅनडात. नोकरी संपलेली. बोलणं हळूहळू दूध, औषधं आणि लाइटबिल एवढ्यावर येतं. मग एखादा मोठा प्रश्न समोर येतो. ऑपरेशन करायचं की नाही, घर विकून मुलाकडे जायचं का, मृत्युपत्रात काय लिहायचं. तेव्हा लक्षात येतं, की मनातलं बोलायची सवयच राहिलेली नाही. म्हणून घरात अडणारं बोलणं बागेत का सुटतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

बायका जास्त बोलतात का?

आधी एक गैरसमज दूर करू. बायका खूप बोलतात आणि पुरुष मोजकं, असं आपण सर्रास म्हणतो. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ चारशे विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रण यंत्रं लावून त्यांचं दिवसभराचं बोलणं मोजलं होतं. दोघांचाही आकडा दिवसाला साधारण १६ हजार शब्दांच्या आसपास निघाला. म्हणजे फरक किती बोलतात यात नव्हता.

फरक पडतो तो बोलण्याकडून काय हवं असतं, यात. डेबोरा टॅनेन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंचं १९९० मध्ये आलेलं पुस्तक याविषयी बरंच गाजलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पुष्कळ बायकांसाठी बोलणं हे जवळीक टिकवण्याचं साधन असतं, तर पुष्कळ पुरुषांसाठी ते माहिती देण्याचं आणि प्रश्न सोडवण्याचं.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. ती म्हणते, "आज वन्संचा फोन होता. पुन्हा तेच टोचून बोलल्या." तो पेपरातून मान वर न करता म्हणतो, "मग उचलू नकोस ना फोन." त्याच्या दृष्टीनं त्यानं उपाय सांगितला, विषय संपला. तिला उपाय नकोच होता. "फार लागलं का गं?" एवढं त्यानं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

उलटही होतं. तो दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन येतो आणि गप्प बसतो. ती विचारते, "काय झालं?" "काही नाही." ती पुन्हा विचारते, तो चिडतो. तिला वाटतं आपल्याला परकं केलं. त्याला वाटत असतं, आधी स्वतःला नीट कळू दे, मग सांगू. दोघांच्याही मनात वाईट काहीच नसतं.

हे सगळं सरासरीचं बोलणं झालं, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. मन मोकळं करणारे पुरुष आणि लगेच उपाय सांगणाऱ्या बायका आपल्यातही भरपूर आहेत.

समोरासमोर आणि शेजारी-शेजारी

टॅनेन यांनी मित्र-मित्र आणि मैत्रिणी-मैत्रिणी गप्पा मारतानाचं चित्रीकरण अभ्यासलं. मैत्रिणी एकमेकींकडे तोंड करून, नजरेला नजर देऊन बोलत होत्या. मित्र तिरके किंवा शेजारी बसून, इकडेतिकडे बघत बोलत होते. तरीही त्यांचं बोलणं मनापासूनचं असू शकत होतं.

घरात जेवणाच्या टेबलावर "मला तुमच्याशी बोलायचंय" असं म्हणून समोर बसलं, की अनेक पुरुषांना ती उलटतपासणी वाटते. चालताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते. मध्येच शांतता आली तरी ती अवघडत नाही, पावलं चालूच असतात. त्याला बोलायला सोपं जातं आणि तिलाही तो आपल्यासोबत आहे याची खात्री असते.

आणखी एक गोष्ट. पती-पत्नींच्या संवादाचा अनेक वर्षं अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात, की वाद तापून नाडीचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं नीट ऐकूच येत नाही. अशा वेळी निदान वीस मिनिटं तो विषय थांबवावा, असा त्यांचा सल्ला आहे. बागेची एखादी मोठी फेरी झाली, की तेवढा वेळ सहज जातो.

झाडं काय करतात?

मग घरामागच्या गल्लीत चाललं तर नाही का चालणार? चालेल, पण झाडांचा स्वतःचा वाटा असतो. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं (हे दोघंही नवरा-बायकोच) असं मांडलं, की हिशेब, वाहनांची गर्दी, मोबाइल या सगळ्यांत आपलं लक्ष ओढून-ताणून धरावं लागतं आणि ते थकतं. हलणारी पानं, पाण्यावरचा उजेड, पक्ष्यांचे आवाज यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, त्यामुळे थकलेल्या मनाला विसावा मिळतो. मन थकलेलं असलं की चिडचिड वाढते, हे तर आपण रोजच बघतो.

१९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत असं दिसलं, की आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि मन चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. हा वेळ एकदम घालवला काय आणि थोडाथोडा घालवला काय, फारसा फरक नव्हता.

त्या बाबतीत आपण भाग्यवान. महाराज सयाजीरावांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी उभारलेली शंभर एकरांहून मोठी बाग शहराच्या मधोमध आहे.

करून बघण्यासारखं

दोघांनी एकाच गतीनं चालावं, म्हणजे ज्याची गती कमी त्याच्या गतीनं. मोबाइल खिशात किंवा पर्समध्येच राहू द्यावा. पहिली फेरी न बोलता मारली तरी हरकत नाही. अवघड विषय दुसऱ्या फेरीला काढावा आणि तोही एकच. ऐकणाऱ्यानं आधी विचारावं, "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" हा एक प्रश्न बरेच गैरसमज वाचवतो. आणि जो गप्प आहे त्यानं "मला उद्यापर्यंत वेळ दे" एवढं तरी सांगावं, म्हणजे समोरच्याला ताटकळत राहावं लागत नाही.

गुडघे दुखत असतील तर वडाखालचा बाक आहे. बागेपर्यंत जाणं होत नसेल तर गच्चीतल्या कुंड्यांजवळ दोन खुर्च्या शेजारी-शेजारी टाकाव्यात.

बागेनं सगळंच सुटतं असं नाही. घरात मारहाण किंवा सततचा अपमान असेल, किंवा कोणी आठवडेच्या आठवडे उदास असेल, तर फेऱ्यांवर विसंबू नये. विश्वासातल्या माणसाशी बोलावं आणि समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकीच्यांनी उद्या सकाळी एवढंच करावं. दहा पावलं पुढे जाणाऱ्यांनी जरा थांबावं, आणि मागून येणाऱ्यांनी आल्या आल्या तक्रारीनं सुरुवात करू नये.