रक्तातून धावणारे निरोप

पेढीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या ग्राहकाला आपला धनादेश न वटल्याचे कळते आणि क्षणात त्याची छाती धडधडू लागते, तळहाताला घाम सुटतो. ही किमया अ‍ॅड्रिनॅलिन या संप्रेरकाची. मूत्रपिंडांवरील चिमुकल्या ग्रंथींतून ते रक्तात उतरते आणि काही सेकंदांत आपले काम करते. सगळीच संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, इतकी उतावीळ नसतात. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग यांनी आतड्यातून रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत निरोप नेणारे ‘सिक्रेटिन’ शोधले. ‘हार्मोन’ ही संज्ञा स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणली.

इन्सुलिन हे प्रथिन. पेशीच्या स्निग्ध आवरणातून त्याला आत शिरता येत नाही. ते दारावरच्या ग्राहीला चिकटते, आणि त्या खुणेसरशी स्नायूंच्या पेशी रक्तातील साखर आत घेऊ लागतात. पोटात गेल्यास अन्नातल्या प्रथिनाप्रमाणे ते पचून जाते, म्हणून मधुमेही व्यक्तीला सुई टोचून घ्यावी लागते. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन यांसारखी कोलेस्टेरॉलपासून घडणारी संप्रेरके मात्र थेट आत शिरतात व जनुकांनाच आज्ञा देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास सहसा काही तास लागतात, पण तो टिकतो.

थायरॉइड ग्रंथीच्या थायरॉक्सिनची चाल तर याहूनही संथ. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो. गोळीची मात्रा बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगतात, ते याचमुळे. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून गोळी सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

थायरॉक्सिन घडविण्यास आयोडीन लागते. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे चिमटीतही न मावणारे! परंतु हिमालयाच्या उतारांवरील मातीतून पावसाने व हिमनद्यांनी ते धुऊन नेले. थायरॉक्सिन कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच हा तगादा वाढवीत जाते. कच्चा मालच नसलेली ग्रंथी त्या तगाद्याने फुगते. हाच गलगंड.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीत एक साधा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग करून दोहोंना आयोडीनयुक्त आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरविले. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंड ठळकपणे घटला, तिसऱ्यात घटला नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनरहित मिठाची विक्री देशभर बंद झाली.

गळ्यावरची गाठ निदान दिसते तरी. गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत थायरॉक्सिन अपुरे पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती हानी पुढे भरून निघत नाही. जन्मतःच ग्रंथी काम करीत नसलेले बाळ पहिल्या दिवसांत बहुधा निरोगीच दिसते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून टीएसएच तपासता येते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोज थायरॉक्सिन देणे सुरू झाल्यास अशी बहुतेक मुले इतरांच्या बरोबरीने शाळेत जातात.