तातडीची गर्भनिरोधक गोळी : ती काय करते, केव्हा घ्यावी

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा विषयाचा प्रश्न पडला. धम्म, चळवळ, शिक्षण यांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी बँकेत नोकरी करणारी, कला शाखेची पदवीधर. डॉक्टर नाही. तरीही हा विषय घेतला, कारण कॉलेजात आणि वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलींना, नव्याने लग्न झालेल्या जोडप्यांना या गोळीचे नाव टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे माहीत झाले आहे. ती शरीरात नेमके काय करते हे मात्र ठाऊक नाही. ज्या गोष्टीला तासांची मुदत आहे, ती वेळ आल्यावर विचारून घेऊ असे म्हणून चालत नाही.

हा विषय स्मरणिकेत कशाला, असे काहींना वाटेल. त्यांना एवढेच सांगते की १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. बाबासाहेबांच्या वतीने पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो सभागृहात मांडला. ठराव नामंजूर झाला, पण वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे आरोग्य खालावते हा मुद्दा तिथे स्पष्ट शब्दांत नोंदला गेला. त्याआधी १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात ‘आय-पिल’, ‘अनवाँटेड-७२’ अशा नावांनी जी गोळी मिळते, तिच्यातील औषधाचे नाव लेव्होनॉरजेस्ट्रेल. प्रमाण १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी, एकदाच घ्यायची. पूर्वी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घेत असत. सरकारी आरोग्य केंद्रांत व आशाताईंकडे हेच औषध ‘ईझी पिल’ या नावाने येते. २००५ सालापासून भारतात हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास परवानगी मिळाली.

हे औषध म्हणजे काही नवलाईचे रसायन नाही. स्त्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते, त्याच्यासारखे काम करणारे हे कृत्रिम संप्रेरक आहे. रोजच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांतही ते असते, फक्त फार थोड्या प्रमाणात. १९७४ च्या सुमारास कॅनडातील डॉ. युझपे यांनी रोजच्या प्रकारातील गोळ्या मोठ्या मात्रेत देऊन तातडीच्या उपायाची पद्धत मांडली. तिने मळमळ आणि उलट्या फार होत. पुढे लेव्होनॉरजेस्ट्रेल एकटेच दिले तर त्रास कमी आणि गुण जास्त, असे दिसून आले.

गोळी कसे काम करते हे समजण्यासाठी पाळीचे चक्र थोडक्यात पाहू. पाळी सुरू झाल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत, साधारणपणे मध्याच्या सुमारास, बीजांडकोशातून एक बीज बाहेर पडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एक संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात सुटते, आणि तो इशारा मिळाल्यावर बीज सुटते. सुटलेले बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. म्हणजे संबंध सोमवारी आला आणि बीज गुरुवारी सुटले, तरी गर्भ राहू शकतो. संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहतो अशी समजूत सार्वत्रिक आहे, ती बरोबर नाही. मध्ये काही तास किंवा काही दिवस जातात, आणि तेवढ्याच फटीत या गोळीचे काम असते. ती मेंदूकडून येणारा तो इशारा अडवते किंवा लांबवते. बीज सुटत नाही किंवा उशिरा सुटते, आणि तोवर वाट पाहणारी पुरुषबीजे मरून जातात.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे ‘स्टॉप पेमेंट’ आहे. चेक वटण्याआधी सूचना आली तर पैसे थांबवता येतात. चेक वटल्यावर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही. बीज सुटून गेले असेल, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच गोळी वेळेत घेऊनही कधीकधी दिवस राहतात. त्यात त्या मुलीची चूक नसते.

यावरून दुसरी एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. ही गोळी गर्भपात करीत नाही. गर्भ राहिलेला असेल तर ती त्याला धक्का लावत नाही, आणि चुकून घेतली गेली तरी गर्भावर वाईट परिणाम झाल्याचे आढळलेले नाही. पूर्वी पाकिटांवर, ही गोळी गर्भाला गर्भाशयात रुजू देत नसावी, अशा अर्थाचा मजकूर असे. पुराव्यात त्याला आधार न मिळाल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये तो मजकूर बदलला. गर्भपाताची औषधे वेगळीच आहेत : मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. बोलताना आपण दोन्हींना नुसते ‘गोळी’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. महिना उलटल्यावर कोणी मुलगी दुकानात जाऊन ‘ती गोळी द्या’ म्हणते. दुकानदार जे हाती देईल ते ती घेते. तातडीची गोळी दिली तर काहीच होत नाही आणि मोलाचे आठवडे वाया जातात. गर्भपाताची औषधे तपासणीशिवाय दिली, तर जास्त रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते.

तिसराही घोटाळा आहे. आमच्या शाखेत नव्याने लागलेल्या एका मुलीने मला जेवणाच्या सुट्टीत हळूच विचारले, ‘ताई, माला-डीची एक गोळी घेतली तर चालते ना?’ चालत नाही. माला-डी किंवा सरकारी केंद्रातील माला-एन या रोज घ्यायच्या गोळ्या आहेत. संबंधानंतर त्यातली एक घेऊन संरक्षण मिळत नाही.

केव्हा घ्यावी? कोणतेही साधन न वापरता संबंध आला, निरोध फाटला किंवा घसरला, रोजच्या गोळ्या ओळीने चुकल्या, इंजेक्शनची तारीख फार लांबली, किंवा स्त्रीवर बळजबरी झाली, अशा वेळी. घ्यायची ती शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की पहिल्या २४ तासांत गोळी घेतली तर राहू शकणाऱ्या गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या, २५ ते ४८ तासांत ८५ टक्के आणि ४९ ते ७२ तासांत ५८ टक्के. नंतरच्या काही अभ्यासांत आकडे थोडेफार वेगळे आले, परंतु लवकर घ्यावी हा सल्ला बदललेला नाही. पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होऊ शकतो. त्या भरवशावर मात्र राहू नये. रविवार आहे, ओळखीचा दुकानदार आहे, कोणी पाहील, या विचारात एक दिवस सहज जातो. अशा वेळी नवऱ्याने किंवा मित्राने दुकानात जावे. जबाबदारी दोघांची असताना लाजण्याचे काम एकटीवर का?

तांबी अर्थात कॉपर-टी हा या प्रसंगी गोळीहूनही खात्रीचा उपाय आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून बसवून घेतली तर शंभरात एखादीलाही दिवस राहत नाहीत, आणि पुढे प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षे चिंता नाही. सरकारी रुग्णालयांत ती मोफत बसवतात. युलिप्रिस्टल नावाची आणखी एक गोळी युरोप-अमेरिकेत वापरली जाते. ती पाच दिवसांपर्यंत चांगली चालते.

गोळीचा त्रास फारसा नसतो. मळमळ, डोकेदुखी, चक्कर, स्तन दुखणे, मध्येच थोडा रक्तस्राव. एक-दोन दिवसांत बरे वाटते. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी. पुढची पाळी आठवडाभर पुढेमागे होऊ शकते. अंगावर पाजणाऱ्या आईलाही हे औषध चालते. यामुळे पुढे मूल होत नाही, ही निव्वळ अफवा आहे. औषध काही दिवसांत शरीरातून निघून जाते.

ज्यांना क्षयाचे उपचार चालू आहेत त्यांनी मात्र इथे थांबून वाचावे. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे औषध, फिट्सवरची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे, आणि एचआयव्हीवरील एफाविरेन्झ, यांच्यामुळे यकृत या गोळीतील औषध भराभर संपवून टाकते आणि गुण कमी येतो. ही औषधे बंद केल्यावरही चारेक आठवडे हा परिणाम राहतो. त्यांच्यासाठी तांबी उत्तम. ते शक्य नसेल तर दुप्पट मात्रा देतात. आपली औषधे सांगून डॉक्टरांना विचारावे. वजन बरेच जास्त असेल तरीही गुण कमी येण्याची शक्यता असते.

आणखी एक बाब जाहिरातीत येत नाही. गोळीने बीज सुटणे बहुधा लांबते, कायमचे थांबत नाही. त्यामुळे गोळी घेतल्यानंतर चार दिवसांनी पुन्हा साधनाविना संबंध आला, तर दिवस राहण्याची भीती आधीपेक्षा जास्तच. गोळी मागच्या प्रसंगासाठी असते, पुढच्यासाठी नाही. पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. एचआयव्ही व इतर गुप्तरोगांपासून तर ही गोळी मुळीच वाचवत नाही. ते काम निरोधच करतो.

एकाच महिन्यात दोनदा घ्यावी लागली तर घाबरण्यासारखे काही नाही, पण दर महिन्याची ही पद्धत नव्हे. रोजच्या गोळ्यांपेक्षा ती कमी खात्रीची, महाग, आणि पाळीचे वेळापत्रक बिघडवणारी. त्यापेक्षा आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे. निरोध आणि माला-एन आहेतच, शिवाय तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे, आणि ‘छाया’ ही पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घ्यायची गोळी आहे.

बळजबरी झालेल्या स्त्रीवर प्रथमोपचार मोफत करणे हे २०१३ पासून सर्व रुग्णालयांवर, मग ते सरकारी असो की खासगी, कायद्याने बंधनकारक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत त्या उपचारांत तातडीची गर्भनिरोधक गोळीही धरली आहे. दिली नाही तर मागून घ्यावी.

गोळी घेऊन तीन आठवडे झाले आणि पाळी आली नाही, किंवा आली पण नेहमीपेक्षा फारच कमी, तर लघवीची तपासणी करावी. तपासणीची पट्टी दुकानात मिळते. पोटात एका बाजूला जोराने दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण क्वचित गर्भ नळीत राहिलेला असतो. दिवस राहिलेच आणि नको असतील, तर १९७१ च्या कायद्याखाली, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, ठरलेल्या अटींवर २० आठवड्यांपर्यंत आणि काही गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करून घेता येतो. लग्न झालेले नाही म्हणून कोणाला यातून वगळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. तिची स्वतःची संमती पुरते.