कण्याला मार बसल्यानंतरची वर्षं

नारळ-सुपारीच्या झाडावरून पडलेला गडी, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेला मजूर आणि दुचाकीवरून फेकला गेलेला विशीतला पोरगा. कण्याच्या दुखापतीच्या वॉर्डात ही माणसं हमखास भेटतात. बहुतेक तरुण, घरचे कमावते. त्यांचं पहिलं नुकसान अनेकदा अपघाताच्या जागीच वाढतं. चौघं धावून येतात, बगलेत आणि पायांना धरून उचलतात, रिक्षात दुमडून बसवतात. हेतू मदतीचाच असतो, पण मोडलेला मणका त्यात आणखी सरकतो आणि आतला मज्जारज्जू चेपला जातो. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून माणसाला फळीवर घ्यायचं, हे कुठल्याही गावातल्या तरुणांना एका दुपारी शिकवता येईल.

पुढे घरचे डॉक्टरांना एकच प्रश्न विचारत राहतात, ‘चालायला कधी लागेल?’ दुखापत अर्धवट असेल तर पहिल्या काही महिन्यांत खरोखरच बरीच ताकद परत येऊ शकते. मज्जारज्जू पूर्ण निकामी झाला असेल तर तो पूर्ववत करणारा उपचार आज उपलब्ध नाही. हे स्पष्ट सांगायला डॉक्टर कचरतात, ऐकायला नातेवाईक तयार नसतात, आणि त्या पोकळीत मालिशवाले, तेलवाले शिरतात. शेताचा तुकडा विकला जातो. संवेदना गेलेल्या पायांना गरम शेक दिला जातो. रुग्णाला चटका कळत नाही आणि कातडी भाजून निघते. सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं, पण जिवाला धोका असतो तो कातडीच्या आणि मूत्रपिंडांच्या बाजूने.

लुडविग गुटमान यांनी नेमकं हेच ओळखलं. नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेल्या या ज्यू मेंदूतज्ज्ञाने १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलला जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. तोवर असे रुग्ण शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने लवकर दगावत, आणि ते अटळच मानलं जाई. गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायला लावली, मूत्राशयाची काटेकोर निगा ठेवली आणि माणसाला खाटेवरून उठवून कामाला, खेळाला लावलं. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकची सुरुवात तीच.

आपल्याकडे १९६५ च्या युद्धाने या कथेत दोन माणसं आणली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यातले मुष्टियोद्धे होते. गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. दुसरे मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया. मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर उभा राहिलेला हा माणूस त्याच वर्षीच्या युद्धात कण्याला गोळी लागून चाकाच्या खुर्चीत आला. दिल्लीच्या वसंत कुंजमधलं ‘इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर’ त्यांनी उभं केलं.

पेटकरांची जिद्द मोठीच होती. पण त्यांच्यासारख्या सैनिकाच्या पाठीशी लष्करी रुग्णालय होतं, निवृत्तिवेतन होतं, सारख्याच जखमांचे सोबती होते, हेही बोललं पाहिजे. खडकीला १९७४ पासून अर्धांग गमावलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. परांचीवरून पडलेल्या मजुराला त्यातलं काय मिळतं? शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, हातात डिस्चार्ज कार्ड पडतं. लघवीची नळी कशी बदलायची, कूस कधी बदलायची, खुर्चीत बसल्यावर दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग का उचलायचं, हे त्याच्या बायकोला धड कुणी सांगत नाही. महिन्याभरात माकडहाडावर रुपयाएवढी लाल खूण दिसते, आणि मग हाडापर्यंत गेलेली जखम घेऊन तो परत येतो. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, पण गडचिरोलीहून किंवा सावंतवाडीहून तिथे महिनोन्‌महिने राहायचं तर घर कुणी चालवायचं?

या पोकळीत कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचा भाग लुळा पडला, तरी त्या शिकल्या, नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्रात त्यांनी ही सगळी वाटचाल लिहिली आहे. आपल्यासारख्यांना राहायला वसतिगृह, शिकायला शाळा आणि हाताला काम हवं, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून जाणलं होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीतलाच दुसरा माणूस जे शिकवतो, ते एरवी शिकायला फार वेळ लागतो.

घराचं काय? चाकाची खुर्ची आत जायला दार साधारण तीन फूट रुंद लागतं. आपल्या न्हाणीघरांची दारं त्याहून अरुंद. एक फूट उंचीच्या पायरीला निदान बारा फुटांचा उतार हवा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आलं, सार्वजनिक इमारतींत सहज प्रवेशाची सक्ती आली. तरी तालुक्याच्या कचेरीत वरच्या मजल्यावरच्या कामासाठी माणसाला उचलून न्यावं लागतं.

बायकांच्या बाबतीत तर बोलणंच बंद होतं. कण्याच्या दुखापतीनंतर पाळी बहुधा काही महिन्यांत पुन्हा सुरू होते, मूल होऊ शकतं, बाळंतपण मात्र जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलींचं लग्न मोडतं, कितीतरी जणींना माहेरी पाठवून दिलं जातं.

आणि सांभाळणारी? बहुतेक घरांत ती आई असते किंवा बायको. खाटेवरून खुर्चीत घेताना वाकून, ओढून तिचीच कंबर जाते. फळीच्या आधाराने सरकवून घेण्याची साधी रीत फिजिओथेरपिस्ट काही बैठकांत शिकवू शकतो. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अशा रुग्णांसाठी दोन खोल्या, शिकवणारा एक फिजिओथेरपिस्ट, एक परिचारिका आणि स्वतः खुर्ची वापरणारा एक पगारी सल्लागार हवा. रुग्णाला सांभाळणारी व्यक्ती त्याची ही सगळी निगा स्वतःच्या हातांनी करून दाखवेपर्यंत त्याला घरी पाठवू नये.