वृद्धाश्रमांतील नाताळ

आमच्या चौसाळ्यास नाताळ म्हणजे शाळेस एक दिवसाची सुटी, याहून अधिक कांहीं असतें हें आम्हांस पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचें गांव. डिसेंबरांत बालाघाटाच्या माळावर थंडी मी म्हणते, रबीची ज्वारी पोटऱ्यांत येते, तुरी वाळूं लागतात, आणि गांव मात्र अर्धें रिकामें झालेलें असतें. दसरा-दिवाळी उरकली कीं धडधाकट माणसें ऊसतोडीस पश्चिमेकडील कारखान्यांवर जातात, तीं पाडव्याच्या सुमारास परततात. मागें राहतात तीं म्हातारीं माणसें, आणि शाळा बुडूं नये म्हणून त्यांच्यापाशीं ठेवलेलीं नातवंडें. अशा गांवास पाटी न लावलेला वृद्धाश्रमच म्हणावें, असें आम्ही विनोदानें म्हणत असूं. पाटी लावलेल्या वृद्धाश्रमाची पायरी आपल्याच घरच्या माणसासाठीं चढावी लागेल, हें मात्र स्वप्नींही आलें नव्हतें.

आमच्या थोरल्या वहिनी आज ८१ वर्षांच्या आहेत. बंधू निवर्तले तेव्हां धाकटा पुतण्या परदेशीं, थोरला पुण्यास दोन खोल्यांत. तो व सूनबाई दोघेंही सकाळीं आठास घराबाहेर पडणारीं. आमच्याकडे जागा होती. परंतु आमच्या कुटुंबाचे गुडघे गेलेले, आणि वहिनींचा दमा अपरात्रीं उसळला कीं बीड गांठावें लागे. तीन वर्षांपूर्वीं अहमदनगर (सरकारी दप्तरीं २०२४ पासून अहिल्यानगर) येथील एका वृद्धाश्रमांत त्यांस ठेवावें असें ठरलें. ठरविणारांत आम्हीही होतों. संस्था ख्रिस्ती विश्वस्तांची. राहणारीं माणसें सर्व जातिधर्मांचीं. वानप्रस्थास निघणाऱ्या गृहस्थानें पत्नीस बरोबर न्यावें किंवा पुत्रांच्या स्वाधीन करावें, असे दोन मार्ग मनुस्मृतींत सांगितले आहेत. पुत्रांनीं पुढें तिला कोणाच्या स्वाधीन करावें, हें तेथें सांगितलेलें नाहीं. तो अध्याय आम्हीं कितीदां तरी वाचला असेल. ही उणीव त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आली.

वृद्धाश्रम हें अलीकडचें खूळ असें आपण समजतों, तें तितकेंसें खरें नाहीं. बगदादहून मुंबईस आलेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याच्या देणगींतून पुण्यांत अनाथ-पंगूंसाठीं गृह निघालें तें १८६० नंतरच्या दशकांत. तेंच आजचें ‘निवारा’. केडगांवास पंडिता रमाबाईंनीं ‘मुक्ति’ वसविली ती मुख्यतः दुष्काळांतून आणलेल्या मुलींसाठीं. परंतु आंधळ्या आणि निराधार वृद्ध स्त्रियांसही तेथें आसरा मिळाला. त्याच्याही पूर्वीं, १८३९ च्या हिंवाळ्यांत, फ्रान्सांतील ब्रिटनी प्रांतीं जान जुगां नांवाच्या एका गरीब मोलकरणीनें एका आंधळ्या म्हातारीस आपल्या घरीं आणून स्वतःचें अंथरूण दिलें. त्या एका अंथरुणांतून जो भगिनीसंघ वाढला त्याचें हिंदुस्थानांतील पहिलें वृद्धगृह कलकत्त्यास १८८२ त उघडलें. हा इतिहास आम्हीं पुढें वाचला. त्यानें माहिती वाढली. वहिनींस पोंचवून परत येतांना एस. टी. त जी मान खालीं गेली होती ती कांहीं वर आली नाहीं.

गेल्या दिवाळींत आम्ही फराळाचा डबा घेऊन गेलों. त्या आठवड्यांत आमच्यासारखे पुष्कळजण येऊन गेले होते. कोणी फळें दिलीं, कोणी शाली, कोणी ब्लँकेटें. आणि दर मंडळीबरोबर फोटो काढणारा एक. प्रत्येक खाटेखालीं मिठाईच्या पांच-सहा पेट्या, आणि खाटेवरच्या निम्म्या माणसांस मधुमेह! वहिनींनीं आमचा डबा घेतला, उशाशीं ठेवला आणि म्हणाल्या, “भावजी, घेऊन घेऊन हात दुखले हो माझे.” आम्हीं तें थट्टेवारीं नेलें. दिवाळीचे दिवस, आणि त्यांतून आम्हांस परतीची गाडी गांठावयाची होती.

डिसेंबरांत त्यांचा फोन आला. “नाताळास या. खाऊ कांहीं आणूं नका. पाव किलो खसखस आणि माझी करंज्यांची पितळी कातणी तेवढी आणा. फडताळांत वरच्या खणांत आहे.” आमच्या कुटुंबानें तें ऐकून डोळे विस्फारले. वहिनींचें सोंवळें आमच्या घराण्यांत प्रसिद्ध. परक्या हातचें पाणी त्यांनीं पन्नास वर्षें घेतलें नव्हतें. त्या नाताळास करंज्या करणार! कातणी सांपडली. काळी पडली होती; चिंचेनें घांसून घेतली.

वाटेंत गाडींत आमची शिक्षकी संवय उफाळून आली, आणि आम्ही ‘नाताळ’ या शब्दाचा विचार करीत बसलों. शब्द पोर्तुगीजांनीं आणला. मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. लॅटिनांतील तो धातु आणि आपला ‘जन्’ हे एकाच मुळाचे, म्हणजे ‘नाताळ’ आणि आपलें ‘जातक’ हीं दूरचीं कां होईना, भावंडेंच ठरतात. आणि ख्रिस्तजन्माची कथा मराठीनें कांहीं काल-परवां ऐकली नाहीं. फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ त गोव्यास आला, आपली भाषा शिकला, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ त्यानें रचिलें. तें १६१६ त छापून निघालें. म्हणजे तुकोबांच्या बालपणींची ही गोष्ट.

आम्ही पोंचलों तों दुपारचे तीन वाजले होते. भोजनगृहांतील लांब मेजांवर पाट-लाटणीं मांडलेलीं, आणि तीस-पस्तीस म्हातारीं माणसें कामास जुंपलेलीं. तेथील मुख्य बाईंनीं आम्हांस हकीकत सांगितली. पूर्वीं नाताळास बाहेरचीं मंडळें येत, गाणीं गात, केक वांटीत. राहणारीं माणसें शाली पांघरून खुर्च्यांवर ओळीनें बसत आणि निम्मीं तेथेंच पेंगत. एके वर्षीं एक सेवानिवृत्त परिचारिका येथें राहावयास आल्या. त्यांनीं विचारलें, “सण आमचा कीं पाहुण्यांचा?” तेव्हांपासून फराळ विकत आणावयाचा नाहीं असें ठरलें. ज्याचा जो अवयव चालतो त्याचें तें काम. हात धड असतील त्यांनीं मळावें-लाटावें. डोळे धड असतील त्यांनीं रवा चाळावा, बेदाणे निवडावे. दृष्टि गेलेले एक आजोबा वेलदोडे सोलीत होते, आणि अंथरुणास खिळलेल्या एका बाई खाटेवरूनच ‘साखर किती, तूप किती’ हा हिशेब तोंडीं राखीत होत्या. तो एकदांही चुकला नाहीं म्हणतात.

या परिचारिकाबाईच वहिनींच्या खोलींतल्या जोडीदारीण होत. त्यांच्या हातांस कंप असे. मागल्या नाताळांत, “बाई, तुम्ही लाटा, मी भरतें,” म्हणून त्यांनीं वहिनींस ओढून नेलें. वहिनींनीं अट घातली, “करीन, पण खाणार नाहीं.” बाई म्हणाल्या, “तुम्हांस खावयास बोलावलें कोणी?” तेथून दोघींचें जमलें. यंदाच्या श्रावणांत त्या बाई गेल्या, आणि नाताळच्या करंज्यांचा कारभार वहिनींकडे आला. फोनवर त्यांच्या आवाजांत जी घाई होती तिचें कारण आम्हांस आतां कळलें.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळाचा फराळ म्हणजे आपल्या दिवाळीचाच धाकटा भाऊ: करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू. केक असतो, पण तो पाहुण्यासारखा. मेजाच्या दुसऱ्या टोंकास एक गोवेकर आजीबाई होत्या. यजमान दौंडास रेल्वेंत होते. त्या कणकेच्या लहान गोळ्या कांट्याच्या पाठीवर दाबून वळीत होत्या; त्यांस ‘कुलकुल’ म्हणतात. करंजीस त्या ‘नेवरी’ म्हणत, आणि कडेस हातानें मुरड घालीत. वहिनींचें म्हणणें, मुरड सुटते, कातणीच बरी. यावर दोघींचा जो वाद आम्हीं ऐकला तसा कडाक्याचा वाद शास्त्रीमंडळींतही क्वचितच ऐकला असेल. शेवटीं अर्ध्या करंज्या कातरलेल्या आणि अर्ध्या मुरडलेल्या करावयाच्या, आणि कढईंत कोणाची फुटते तें पाहावयाचें, असें ठरलें. दोन फुटल्या. दोन्ही कोणाच्या, हें आम्ही येथें लिहूं नये अशी आज्ञा आहे.

याच गडबडींत वहिनींचा फोन वाजला. धाकटा पुतण्या परदेशांतून बोलत होता. त्याचा बोलण्याचा वार ठरलेला. एरवीं त्या फोनची सकाळपासून वाट पाहत. त्या दिवशीं म्हणाल्या, “आतां कढई तापली आहे रे, उद्यां कर.” आणि ठेवून दिला! पांच मिनिटांत त्याचा आम्हांस फोन: “काका, आई बरी आहे ना?” बरी आहे म्हणून आम्हीं सांगितलें, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटीं आम्हीं फोन कढईजवळ धरला आणि त्यास तळण्याचा चर्रर्र आवाज ऐकविला. पलीकडे तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

चोवीस तारखेस संध्याकाळीं सहासच उपासना झाली. गोव्यास नि वसईस ती मध्यरात्रीं होते. येथल्या मंडळींस तेवढी जागरणाची ताकद कुठली! कोपऱ्यांत कडब्याच्या पेंढ्यांचा आणि बाभळीच्या काटक्यांचा गोठा केला होता. करणारे आजोबा जन्मभर शेतकरी, त्यामुळें गाईची दावण अगदीं खरी होती. आपल्याकडे गोकुळाष्टमीस कोंकणांत मातीचें गोकुळ करतात त्याची आम्हांस आठवण झाली. मग पेटी, टाळ, मृदंग. नगरास ख्रिस्ती भजनांचें नवल नाहीं. अमेरिकन मिशनरी येथें १८३१ त आले; परंतु ख्रिस्ताची गोष्ट आपल्याच चालींत, भजन-कीर्तनांत सांगावी, हा आग्रह धरला तो नारायण वामन टिळकांनीं. मूळचे चित्पावन, १८९५ त ख्रिस्ती झाले, आणि पुढें त्यांचें बरेंच आयुष्य याच मुलखांत गेलें. ज्यांच्या घरीं लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ आहेत त्यांस त्या संसाराची ओळख आम्हीं काय करून द्यावी! एक पाळणाही झाला. त्याची चाल ओळखून रामनवमीच्या संवयीनें चार-पांच हिंदु आजीबाईंनीं सूर धरला, आणि कोणास त्याचें कांहीं वाटलें नाहीं.

शेवटीं वर्षांत गेलेल्यांचीं नांवें वाचलीं. एकेका नांवागणिक कोणी तरी उठून एक पणती लावी. यंदा सात नांवें होतीं. परिचारिकाबाईंचें नांव आलें तेव्हां आम्हीं सभोंवार पाहिलें. त्यांचें सगेसोयरें कोणी आलें नव्हतें. वहिनी उठल्या, काठी आमच्या हातीं दिली, आणि पणती लावून आल्या. परत बसतांना त्यांस धाप लागली होती. मग फराळाचीं ताटें फिरलीं. अंड्याचा केक वेगळ्या मेजावर ठेवला होता. तें ज्यांनीं लक्षांत ठेवलें त्यांस आम्हीं मनांत नमस्कार केला. वहिनींनीं ताटांतली एक मुरडलेली नेवरी उचलली, मोडली, तोंडांत टाकली, आणि सावकाश म्हणाल्या, “मोहन कमी पडलें.” गोवेकर आजीबाई कृतार्थ झाल्यासारख्या हंसल्या.

पंचवीस तारखेस सकाळीं एक टेंपो निघाला. दिवाळीभर ज्यांनीं घेतलें त्यांनीं नाताळास द्यावयाचें, हाही त्या परिचारिकाबाईंनींच घालून दिलेला परिपाठ. शहराबाहेर एका साखर कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. बांबूच्या तट्ट्यांवर उंसाचें वाढें टाकलेल्या त्या झोंपड्या आमच्या गांवच्या अर्ध्या लोकांचें सहा महिन्यांचें घर. पण आम्हीं त्या जवळून कधीं पाहिल्या नव्हत्या, हें सांगावयास लाज वाटते. तोडीस नाताळ नाहीं नि रविवार नाहीं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोघेंही पहांटेंच फडांत गेलेलीं. कोप्यांत लहान मुलें आणि एखादी बाळंतीण एवढींच होतीं. पुडे वांटतां वांटतां एक बाई वाढ्याचा भारा टाकून आमच्याकडे निरखून पाहूं लागली.

“गुरुजी, तुमी चौसाळ्याचे न्हवं?”

तिचा नवरा आमचा विद्यार्थी निघाला. गांव चौसाळ्याजवळच्याच एका वाडीचें. तिनें एकच विचारलें: “आमची म्हातारी बरी हाय का?” आम्हांस सांगतां येईना. कोसभर अंतरावर राहून त्या म्हातारीस आम्हीं पाडव्यापासून पाहिलें नव्हतें. बाईनें आपल्या पुड्यांतल्या दोन करंज्या मुलाच्या हातीं दिल्या, आणि राहिलेल्या दोन कागदांत गुंडाळून आमच्यापुढें धरल्या. “म्हातारीला द्या.”

चौसाळ्यास आल्यावर दुसऱ्याच दिवशीं आम्ही त्या वाडीस गेलों. म्हातारी दारांत तूर बडवीत बसली होती, नातू शाळेंत. तिनें पुडा सोडला, एक करंजी नातवासाठीं शिंक्यावर ठेवली, आणि दुसरी, दांत नाहींत म्हणून, चहांत बुडवून खाल्ली. “सुनंनं केली?” नाहीं, आमच्या वहिनींनीं, असें आम्हीं सांगितलें. “मंग त्यास्नी सांगा, खसखस झ्याक भाजली.”

हा निरोप आम्हीं त्याच संध्याकाळीं फोनवर पोंचविला. वहिनींनीं ऐकून घेतला. मग म्हणाल्या, “भावजी, त्या वाडींत अशा किती जणी आहेत, तेवढें पुढच्या खेपेस विचारून ठेवा. आणि कातणी इथेंच राहूं द्या.”