गाडीची परीक्षा

मुलांनो, परीक्षा फक्त आपल्यालाच द्यावी लागते असे तुम्हांला वाटत असेल. पण शेलूबाजारच्या चौकात थोडा वेळ उभे राहा. मंगरुळपीर, मालेगाव, कारंजा अशा गावांकडे जाणाऱ्या एस.टी. बस, मालमोटारी, कापसाने भरलेले ट्रॅक्टर आणि त्यांतून वाट काढणारी काळी-पिवळी जीप तुम्हांला दिसेल. खेड्यांवरून येणारी कितीतरी मुले याच जीपमध्ये बसून शाळेत येतात. या जीपलाही परीक्षा द्यावी लागते. लोक तिला ‘पासिंग’ म्हणतात. सरकारी भाषेत तिला योग्यता तपासणी असे नाव आहे.

ही तपासणी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार होते. भाड्याने चालणाऱ्या नव्या गाडीला पहिली दोन वर्षे सूट असते. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ती तपासून घ्यावी लागते. म्हणजे माणसाप्रमाणेच, वय वाढले की तब्येत वरचेवर दाखवायची. घरच्या खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. मग तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवतात. आपल्या जिल्ह्याचे हे काम वाशीमच्या परिवहन कार्यालयात चालते. तेथे नोंदलेल्या गाड्यांच्या पाटीवर ‘एमएच ३७’ असते. १ जुलै १९९८ पूर्वी वाशीम हा अकोला जिल्ह्याचा भाग होता, म्हणून जुन्या गाड्यांवर ‘एमएच ३०’ दिसते. कार्यालयात गेलात तर मुदत, दाखला, दुरुस्ती, जबाबदारी हे शब्द सारखे कानांवर पडतील. ते तर तुमच्या घरचेच आहेत!

आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. त्यांची काळी-पिवळी जीप बरीच जुनी आहे. २०१९ च्या जून महिन्यात, शाळा उघडण्यापूर्वी, तिच्या पासिंगची मुदत संपत आली. चाचांनी जीपला नवा रंग दिला, गाद्यांना नवी कव्हरे घातली, पितळी भोंगा चकचकीत केला. मलाही त्यांनी सोबत नेले.

निरीक्षकांनी प्रथम चेसिसचा क्रमांक पाहिला. हा क्रमांक गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की तो उमटतो. नाण्यावर कागद ठेवून तुम्ही हा खेळ केलाच असेल. कागदपत्रांतील गाडी आणि समोरची गाडी एकच आहे, याची खात्री अशी होते.

नंतर त्यांनी सुकाणू, म्हणजे स्टेअरिंगचे चाक, हळूच डावी-उजवीकडे हलवले. जुन्या गाडीत सांधे झिजतात, त्यामुळे हातातील चाक थोडे फिरते पण रस्त्यावरची चाके वळत नाहीत. या ढिलाईला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. नियमाप्रमाणे तो ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. घड्याळात बारा आणि एक यांच्यामध्ये जेवढी जागा असते तेवढीच ही सवलत! टायरच्या नक्षीची खोलीही मोजली. ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, कारण पावसात चाकाखालचे पाणी याच खाचांतून बाहेर पडते. येथपर्यंत सर्व ठीक होते.

“साहेब, गाडी एकदम नवी करून आणली आहे,” चाचा म्हणाले.

“रंग छान आहे, चाचा. आता ती थांबते कशी ते पाहू.”

ब्रेकच्या चाचणीसाठी सरळ रस्ता लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने आग्रह धरल्यानंतर महाराष्ट्रात यासाठी २५० मीटर लांबीचे ट्रॅक तयार झाले. आता कित्येक ठिकाणी यंत्राच्या फिरत्या रुळांवर चाके ठेवूनही ब्रेकची ताकद मोजतात. चाचांनी जीप वेगात आणली आणि ब्रेक दाबला. जीप थांबली, पण सरळ थांबली नाही. ती उजवीकडे ओढली गेली.

निरीक्षक खाली वाकले. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ होता. असे का झाले ते समजून घ्या. आपण पायाने पेडल दाबतो तेव्हा नळ्यांतील तेल दाबले जाते. तो दाब प्रत्येक चाकाजवळच्या छोट्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो आणि तेथील लायनर चाकाच्या ड्रमवर घट्ट दाबून धरले जातात. सिलिंडरमधील रबर फाटले की तेल गळते आणि लायनर ओले होतात. ओला लायनर पकड घेत नाही. डावे चाक पकडत नसेल आणि उजवे पकडत असेल, तर गाडी उजवीकडे वळणारच. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. मग उजवीकडे काय असते? समोरून येणारी मालमोटार. शिवाय बऱ्याच जुन्या जीपांत चारही चाकांना तेल एकाच मार्गाने जाते. एका जागी गळती वाढली तर चारही ब्रेक निकामी होऊ शकतात.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८ मीटरांहून जास्त पुढे जाते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. निरीक्षकांनी हे सांगितले तेव्हा चाचा गप्प झाले. त्याच जीपमध्ये ते रोज मुले आणत होते.

दिव्यांचीही एक गंमत सांगतो. जीप मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात ती सैन्यासाठी बनवली गेली आणि १९४० ते १९५० या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडली जाऊ लागली. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तेथील गाडीचे सुकाणू डावीकडे असते आणि डिपर लावल्यावर दिव्याचा झोत किंचित उजवीकडे पडतो. तोच दिवा आपल्या रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपवतो. यामुळेच परदेशातून वापरलेली मोटार आणताना सुकाणू उजवीकडे हवे, दिवे डावीकडच्या रहदारीला योग्य हवेत, वेग किलोमीटरमध्ये दिसला पाहिजे आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशा अटी घातलेल्या आहेत. चाचांची जीप भारतातच बनलेली होती, पण तिचा एक दिवा वर पाहत होता. तो तेथेच पेचकसाने खाली केला.

भोंगा, वायपर, आरसे, धुराचा दाखला, मागचे लाल आणि बाजूचे पिवळे परावर्तक हे सर्व पाहून झाले. ब्रेकसाठी मात्र जीप नापास झाली. परतताना चाचांनी ती अगदी सावकाश चालवली आणि थेट गॅरेजवर नेली.

मिस्त्रीने चाक उघडले. फाटलेले रबर बदलले, नवे लायनर बसवले आणि ब्रेकची हवा काढली. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दबते. नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे मऊ लागते. चार दिवसांनी जीप पुन्हा ट्रॅकवर गेली आणि रेघेसारखी सरळ थांबली.

ते जुने रबर चाचांनी माझ्या हातात ठेवले. ते रुपयाच्या नाण्याएवढे आहे आणि त्याच्या कडेला नखाएवढी चीर आहे. आता ते आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात असते. पास्कलचा नियम शिकवायची वेळ आली की ते वर्गात हातोहात फिरते.