आषाढातली पानगळ

न्यूयॉर्कच्या बेडफर्ड स्ट्रीट आणि ग्रोव्ह स्ट्रीटच्या नाक्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या फुटपाथवर वीस-पंचवीस माणसं मोबाइल वर धरून उभी होती. ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या मित्रांचं घर म्हणून 1994 ते 2004 अशी दहा वर्षं ही इमारत जगाने बाहेरून पाहिली. आतलं सगळं घडलं ते कॅलिफोर्नियात, बरबँकच्या स्टुडिओत. मीही फोटो काढला. खोटं कशाला बोलू?

तिथून दोन गल्ल्या पुढे गेलो, तर रस्ता ओला. जुलै महिना, ऊन रणरणतंय, पावसाचा टिपूस नाही आणि डांबर काळंभोर चकाकतंय. कडेला पांढऱ्या ट्रकांची रांग. जाडजूड केबल फुटपाथ ओलांडून गेलेल्या, त्यांत पाय अडकू नये म्हणून वर रबरी पट्ट्या. “शूटिंग आहे गं मावशी,” भाचा म्हणाला आणि वाट बदलायला वळलासुद्धा. तो रोज जर्सी सिटीहून कामाला येतो, त्याला याचं काय! मी वाईची. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’चं युनिट आलं तेव्हा अख्खी पंचक्रोशी लोटली होती. मी हलले नाही.

आमच्याकडे शूटिंग म्हणजे आधी गर्दी दिसते, मग कॅमेरा. इथे गर्दीच नव्हती. खांबाला भडक रंगाचा कागद चिकटवलेला. अमुक दिवशी, अमुक वेळात इथे गाडी लावू नये, आणि खाली चित्रीकरणाचं नाव. ही शिस्त जुनी आहे. पूर्वी रस्त्यावर कॅमेरा लावायचा तर खात्याखात्यांचे उंबरठे झिजवावे लागत. 1966 मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी चित्रपटांसाठी वेगळं कार्यालयच काढलं, पोलिसांचं खास पथकही तेव्हाचंच. वाहनं थोडा वेळ थोपवायची तर पोलीस लागतात. पायी चालणाऱ्याला अडवायचा हक्क मात्र युनिटला नाही. त्याला विनवायचं.

ते विनवणं मी पाऊण तास पाहिलं. प्रॉडक्शन असिस्टंट म्हणतात त्यातली एक मुलगी, वीस-बावीस वर्षांची, कमरेला वॉकीटॉकी, कानात वायर. कानात काहीतरी यायचं, ती दोन्ही हात पसरायची आणि हसून म्हणायची, फक्त एक मिनिट. एक आजीबाई कुत्रा घेऊन आल्या, तिच्याकडे ढुंकूनही न बघता सरळ फ्रेममधून चालत्या झाल्या. मुलीने वॉकीटॉकीत दोन शब्द पुटपुटले. झालं, टेक गेला. रागावली नाही, रागावून चालतच नाही. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली पुण्याची शशी गोडबोले याच मॅनहॅटनमध्ये बावरली होती. तिच्याही मागेपुढे कोपऱ्याकोपऱ्यावर अशी पोरं हात पसरून उभी असणार.

फ्रेममध्ये चाललं होतं शरद ऋतूचं नाटक. लोकरी कोट, मफलर, हातात वाफाळत्या कॉफीचे बहुधा रिकामेच कप. टेक संपला रे संपला की पंखे हातात घेऊन माणसं धावायची, कोट उतरायचे, घाम टिपला जायचा. एक गडी पोत्यातून तांबूस-पिवळी पानं रस्त्यावर पसरत होता. ओंजळभर टाकायचा, मागे सरून बघायचा, पुन्हा चार पानं. रांगोळी घालावी तसं. वरची झाडं हिरवीगार, म्हणून कॅमेऱ्याची मान खालीच. माझ्या पायाशी आलेलं एक पान उचललं, तर कापडाचं!

आणि ती फुलंवाली बाई. मुख्य नटनटी कोण ते मला कळलंच नाही, माझे डोळे तिच्यावर. ज्युनियर आर्टिस्ट. हातात फुलांचा गुच्छ, पायऱ्यांपासून निघायचं, दिव्याच्या खांबापाशी एकाला ओळखीचं हसायचं, ओठ हलवायचे पण आवाज काढायचा नाही, कोपऱ्यावर वळायचं. मग आरोळी यायची, “बॅक टू वन!” म्हणजे ज्याने त्याने आपल्या पहिल्या जागी परतायचं. मी मोजलं, नऊ वेळा. नऊही वेळा फुलं डाव्याच हातात आणि हसू त्याच खांबापाशी. मधे ध्वनिमुद्रकाने हात वर केला. सगळे गप्प. वर हेलिकॉप्टर. रस्ता अडवता येतो, आभाळ कसं अडवणार? ते हडसनपार जाईपर्यंत साठ-सत्तर माणसं नुसती उभी. प्रत्येक मिनिटाचे पैसे लागणारी ही माणसं इतक्या शांतपणे ताटकळतात, हे मला कॅमेऱ्याहून नवलाचं वाटलं.

माझ्या हातून एक आगळीक घडली. पाणी प्यायला बाटली काढली, झाकण निसटलं, टणटणत उताराने थेट पानांत. निळं झाकण. टेक चालू होता. भाच्याने कपाळाला हात लावला. कुणी काही बोललं नाही. तीच मुलगी आली, झाकण उचललं, माझ्या हातात दिलं आणि वर माझेच आभार मानले. फुलंवाली दहाव्यांदा पायऱ्यांकडे निघाली. तिने मात्र माझ्याकडे बघितलं.

एक सांगते. शूटिंगच्या ओल्या रस्त्याने फसवलं, तरी या शहरातली वाफ खोटी समजू नका. रस्त्यातून नळकांड्यांवाटे उसळणारी वाफ मीही सिनेमावाल्यांचीच करामत समजत होते. ती इमारतींना पुरवल्या जाणाऱ्या वाफेच्या नळांच्या जाळ्यातली. 1882 पासून शहराच्या पोटात ते चालू आहे.

तिकडे गेलात तर नाक्यावरच्या खांबांकडे बघत चला. कागद दिसला की तारीख आणि वेळ टिपून घ्या. बाटलीचं झाकण घट्ट लावा. आणि युनिटच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, तेव्हा बघायला नुसते ट्रक असतात.