भोंगा आवाजात ताकद भरत नाही!

मंडपाशेजारी बेसच्या डब्यांवर ‘टॉप’ रचलेले असतात. झांजेची किणकिण आणि गायकाचे शब्द ऐकू येतात ते या टॉपमधून. त्यात असतो भोंगा आणि त्याच्या मागे बसवलेलं वजनदार युनिट. या जोडीबद्दल समज बरेच आहेत.

गैरसमज : भोंगा आवाजात ताकद भरतो.
वस्तुस्थिती : भोंग्याला वीज लागत नाही, मग ताकद येणार कुठून? तो फक्त नासाडी थांबवतो. साध्या स्पीकरचा कागदी कोन हवेला ढकलतो, पण ती बाजूला निसटते. विजेचा जेमतेम एखादा टक्का आवाज होतो, बाकीची उष्णता. भोंग्याच्या अरुंद गळ्यात हवेला निसटायला जागा नसते. तिथे बसलेला जोर हळूहळू रुंदावत बाहेर पोचतो. म्हणून चांगलं युनिट 20 टक्क्यांच्या आसपास वीज आवाजात उतरवू शकतं.

गैरसमज : युनिट म्हणजे छोटा स्पीकरच.
वस्तुस्थिती : युनिटमध्ये आवाज काढणारा पडदा, म्हणजे डायफ्राम, असतो. युनिटच्या गळ्याचं क्षेत्रफळ डायफ्रामच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहावा हिस्सा असतं. दोघांमध्ये असतो फेज प्लग, म्हणजे बारीक खाचांचा ठोकळा. 10,000 हर्ट्‌झची ध्वनिलहर 3.4 सेंटिमीटरची. डायफ्रामच्या मध्यापासून आणि काठापासून येणाऱ्या वाटांमध्ये 1.7 सेंटिमीटरचा फरक पडला, तर लहरी एकमेकींना मारतात. खाचा या वाटा सारख्या करतात. 1920च्या दशकात बेल लॅब्सच्या वेंट आणि थुरास यांनी बनवलेल्या अशाच युनिटवर सुरुवातीचे बोलपट ऐकू आले.

गैरसमज : दणकट युनिट बेससुद्धा पेलेल.
वस्तुस्थिती : 100 हर्ट्‌झची लहर 3.4 मीटर लांब. हातभर तोंडाच्या भोंग्याला ती आवरत नाही. हवेचा आधार सुटला की डायफ्राम वाजवीपेक्षा जास्त हलतो आणि फाटतो. बेस युनिटपर्यंत पोचू न देणारा क्रॉसओव्हर असतो तो यासाठीच.

गैरसमज : भोंगा म्हटला की कर्कशच.
वस्तुस्थिती : सभेचा भोंगा फक्त बोलणं कळावं म्हणून बनवलेला असतो, त्यावर गाणी लावली तर ती बोचणारच. जुन्या भोंग्यांत सूर जितका उंच, तितका झोत अरुंद होई. समोरच्याचे कान किटत आणि कडेच्याला शब्द कळत नसत. 1975मध्ये डॉन कील यांनी सगळे उंच सूर एकाच कोनात पसरवणारा आकार मांडला. आज टॉपवर 90 × 60 अंश असं लिहिलेलं असतं, तो हाच कोन.

तेव्हा टॉप लावताना तोंड श्रोत्यांकडे आणि किंचित खाली ठेवा. समोरच्या इमारतीवर आदळणारा आवाज तुमच्या गर्दीच्या कामाचा नसतो.